नियतकालिकाची दोन रूपे

हुबळीचा कोप्पीकर रोड कन्नड वाचकांना परिचित आहे तो तेथील नियतकालिकांमुळे. ‘संयुक्त कर्नाटक’ हे दैनिक, ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक आणि ‘कस्तुरी’ हे मासिक चालविणाऱ्या लोकशिक्षण ट्रस्टचे ठाणे याच रस्त्यावर आहे. ‘कस्तुरी’ निघाली १९५६ साली. धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तोही याच वर्षी, १ नोव्हेंबरला. पा. वें. आचार्य यांनी हे मासिक दीर्घकाळ सांभाळले. त्यांचे शब्दचिंतन पुढे ‘पदार्थ चिंतामणी’ या ग्रंथात एकत्र झाले. मासिकातले लेखन ग्रंथापर्यंत पोहोचते ते अंक जपला जातो म्हणून, ही गोष्ट प्रारंभीच ध्यानात ठेवावी.

आज ‘संयुक्त कर्नाटक’ छापील पानांप्रमाणे आंतरजालावरही वाचावयास मिळते. मराठी नियतकालिकांनीही हा मार्ग धरला आहे. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाने आपले जुने अंक आंतरजालावर आणले; शिवाय २०१९ साली ‘कर्तव्य साधना’ हे स्वतंत्र डिजिटल व्यासपीठ उभे केले. छापील अंकाची पाने जशीच्या तशी चढविली म्हणजे काम संपले, असे या साप्ताहिकाने मानले नाही. आमच्या मते, यातच या विषयाचे मर्म आहे. मुद्रित अंक आणि आंतरजालावरील अंक या एकाच वस्तूच्या दोन प्रती नव्हेत. ती दोन प्रकाशने होत आणि दोहोंना संपादक लागतो.

नियतकालिकांना क्रमांक देणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्थाही हेच मानते. एकाच मासिकाच्या छापील आणि आंतरजालीय आवृत्त्यांना ती निरनिराळे आयएसएसएन क्रमांक देते आणि त्यांतीलच एक क्रमांक त्यांना जोडणारा समान क्रमांक म्हणून योजते.

छापील अंकाचे सामर्थ्य त्याच्या मर्यादेत आहे. पाने फर्म्यांच्या हिशेबाने ठरतात. सोळा पानांचे चार फर्मे म्हणजे चौसष्ट पाने. पासष्टावे पान नाही, म्हणून संपादक लेखाची काटछाट करतो, कवितेला जागा राखतो, कोणत्या लेखाशेजारी कोणता लेख शोभेल याचा विचार करतो. अंक एकदा निघाला की तो बंद झाला. त्यातील चूक सुधारावयाची ती पुढील अंकात, सर्वांसमक्ष. आंतरजालावर पानांची टंचाई नाही आणि मजकूर केव्हाही बदलता येतो. ही सोय आहे. परंतु काल वाचलेले वाक्य आज तेथे नसेल, तर अभ्यासकाने आधार कशाचा द्यावा?

उलट, आंतरजालाची देणगीही लहान नाही. हुबळी, बेळगाव, इंदूर किंवा बडोदे येथील मराठी वाचकाला पुण्याच्या मासिकासाठी टपालाची वाट पाहावी लागे. आता अंक निघताच तो त्याच्यापुढे येतो, आणि चाळीस वर्षांच्या अंकांतून एक नाव क्षणात शोधता येते. मात्र त्यासाठी मजकूर खरोखरीचा मजकूर असावा लागतो. संगणकावरील जुन्या देवनागरी टंकांत रोमन अक्षरांच्या जागी आपली अक्षरचिन्हे बसविलेली असत. कागदावर पान निर्दोष उमटे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच राहत. अशा मजकुरात ‘ज्ञानेश्वर’ शोधू गेल्यास ज्ञानेश्वर सापडत नाहीत. तो युनिकोडमध्ये उतरविताना क्रमही बदलावा लागतो. पहिली वेलांटी जुन्या टंकात अक्षराआधी टंकित होई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे याच्या उलट आहे. त्यातही मराठीचा एक खास भेद सांभाळला पाहिजे. ‘आचार्यांना’ आमंत्रण गेले आणि ‘आचाऱ्यांना’ आमंत्रण गेले, या दोन वाक्यांत सभामंडप आणि स्वयंपाकघर यांचे अंतर आहे! रूपांतर करणारे यंत्र हे जाणत नाही; मुद्रितशोधकास दुसऱ्यांदा बसावेच लागते.

हक्कांचा प्रश्नही स्वतंत्र आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, हस्तांतराच्या वेळी अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचा हक्क, करारात त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्या हस्तांतरात येत नाही. १९६५ साली मासिकाला लेख देणाऱ्या लेखकाने आंतरजालासाठीही संमती दिली, असे मानता येणार नाही. जुने अंक खुले करणाऱ्या संस्थेने लेखकाची वा त्याच्या वारसांची अनुमती घ्यावी, हे न्यायाचेही आहे आणि सौजन्याचेही.

शेवटचा प्रश्न टिकण्याचा. १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा १९५६ मध्ये वृत्तपत्रांना व नियतकालिकांना लागू झाला. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य सार्वजनिक ग्रंथालये यांच्याकडे अंक पोहोचविणे त्याने प्रकाशकावर बंधनकारक केले. हा कायदा छापील प्रत समोर ठेवून रचलेला आहे. मासिक बंद पडले, तरी त्याचे अंक कपाटात उरतात. संकेतस्थळाचे वार्षिक शुल्क थकले की मात्र सारे अंक एका दिवसात दिसेनासे होतात.

यास्तव दोन्ही रूपे चालवू इच्छिणाऱ्या संपादकांना आम्ही एवढेच सुचवितो : आंतरजालावरील प्रत्येक लेखासोबत वर्ष, अंक आणि छापील पृष्ठांक द्यावा, लेखाचा पत्ता बदलू नये, दुरुस्ती केल्यास तिचा दिनांक तेथेच नोंदवावा, आणि संपूर्ण मजकुराची एक प्रत दुसऱ्या एखाद्या संस्थेच्या स्वाधीन करावी. आंतरजालाने अंक दूर न्यावा, कागदाने तो राखावा. यांतील एकावरच भिस्त ठेवणाऱ्या मासिकाला एक तर आजचा वाचक अंतरेल, नाही तर उद्याचा.