ओढ आणि आवर

सावंतवाडीहून बांद्याकडे जाताना लागणारे इन्सुली हे गाव परगावच्या प्रवाशास राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या तपासणी नाक्यामुळे ठाऊक असते. परंतु वाहन आणि त्यामागे जोडलेला गाडा यांची सांगड कशी घालावी हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने घाटाच्या वाटेस लागण्यापूर्वी चिऱ्यांची ट्रॉली भरली जात असताना तेथे अवश्य उभे राहावे.

जांभ्याचा एक चिरा साधारणतः 25 ते 30 किलोंचा. म्हणजे दोनशे चिऱ्यांची ट्रॉली पाच टनांच्या पुढे जाते, आणि ती ओढणारा 40 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः जेमतेम दोन टनांचा असतो. वीस फुटांत एक फूट उंची घेणाऱ्या चढणीवर ह्या सात टनांना, घर्षण वगळता, सुमारे 350 किलोंची ओढ लागते. ताशी दहा किलोमीटर वेगाने ती पुरविण्यास 13 अश्वशक्ती पुरतात. इंजिनाच्या कुवतीचा प्रश्न असा सहज निकालात निघतो. उरतो तो चाकांच्या पकडीचा आणि भार आवरण्याचा.

दोनचाकी ट्रॉलीत भार आसाच्या मागे गेला, की दांडा वर रेटला जाऊन ट्रॅक्टरची मागील चाके हलकी होतात व चढावर जागच्या जागी फिरतात. तो फाजील पुढे आला, की पुढील चाके सुटू पाहतात आणि सुकाणू निरुपयोगी ठरते. म्हणूनच भरणी चालू असता चालकाची दृष्टी चिऱ्यांवर नव्हती, हुकावर होती. ‘दोन थर फुडे घेवा रे,’ असे त्याने फर्माविले, आणि चिरे पुढे सरकताच मागील टायरांचा तळ किंचित पसरला. मग शेतात वळण्याच्या सोयीसाठी वेगवेगळी ठेवलेली डाव्या-उजव्या ब्रेकची पेडले त्याने खिट्टीने एकत्र जोडली; कारण रस्त्यावर एकच चाक दाबले गेले, तर बहुधा स्वतःचा ब्रेक नसलेली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे लोटते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावयाचा आणि मध्ये क्लच दाबावयाचा नाही, हा त्याचा दंडक.

महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून मोटारीमागे जोडावयाच्या फिरत्या घराची हौस इकडेही बोलली जाऊ लागली आहे. ब्रिटनमध्ये नवशिक्यास असा सल्ला देतात, की भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन मोटारीच्या वजनाच्या 85 टक्क्यांवर जाऊ देऊ नये. चिऱ्यांचा ट्रॅक्टर हे प्रमाण राजरोस मोडतो. त्याला ती मुभा मिळते ती केवळ संथ गतीमुळे, आणि तीही निर्धोक नव्हे. मोटार महामार्गावर ताशी ऐंशीने धावणार. तेथे मागचा गाडा डोलू लागला, तर सावरण्यास अवधी उरत नाही. सबब अशी जोडी घेऊ पाहणाऱ्याने अश्वशक्तीची चौकशी मागाहून करावी. प्रथम पाणी, गॅस व सामानासह गाड्याचे वजन काट्यावर करवून घ्यावे, हुकावर किती भार येतो ते मोजावे, आणि गाड्याला स्वतःचा ब्रेक नसेल, तर सौदा तेथेच थांबवावा.