एकटीची हवापालट



उमरीच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेल्या बायका आपण नेहमीच बघतो. कुणी बासरच्या सरस्वतीला निघालेली असते, कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणी नांदेडला दवाखान्यात पडलेल्या माणसाचा डबा घेऊन. "बाई, कुठं निघालात?" असं विचारलं तर प्रत्येकीचं उत्तर तयार असतं. पण "चार दिवस विसाव्याला निघाले, एकटीच" असं उत्तर तुम्ही कधी ऐकलं आहे का? मला तरी आठवत नाही. बाईच्या प्रवासाला आपल्याकडे देव लागतो, नातं लागतं, नाहीतर दुखणं लागतं. थकवा हे कारण काही कुणी धरत नाही.

पूर्वी वैद्य-डॉक्टर आजारातून उठलेल्या माणसाला हवापालट सांगत. शब्द जुना आहे, पण त्यात शहाणपण आहे. फक्त आजारी पडेपर्यंत थांबायचं कशाला, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्याकडचा हिवाळा घ्या. दिवसा ऊन बरं असतं, पण रात्री पारा कधी कधी दहा अंशांच्या आसपास उतरतो. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना दम्याची खोड आहे, त्यांना पहाट जड जाते. त्याच दिवसांत गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारी साधारण बत्तीस आणि रात्री वीसच्या आसपास तापमान असतं. असं का होतं? एक किलो पाणी एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात जवळजवळ पाच किलो कोरडी माती एक अंशानं तापते. म्हणजे माती लवकर तापते आणि लवकर निवतेही. समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो, आणि दिवसभर साठवलेली ऊब रात्री हळूहळू सोडत राहतो. शिवाय तिथल्या हवेत बाष्प असतं, ते पांघरुणासारखं काम करतं. आपल्या कोरड्या हवेत जमिनीची ऊब रात्री सरळ आभाळात निघून जाते.

आता जायचं कुठं? गोवा म्हटलं की अनेकींच्या डोळ्यांपुढं गजबज आणि गोंगाट येतो. तो तिथं आहेच. पण मांडवी नदीच्या पात्रात दिवाडी नावाचं एक बेट आहे, तिथली गोष्ट वेगळी. भातशेती, खारफुटीची झाडी, पाणी अडवणारे बांध, टेकडीवर पिएदाद नावाचा गाव आणि त्याचं चर्च. रस्ते शांत. समुद्रकिनारा बेटावर नाही, आणि म्हणूनच गर्दीही नाही. लाटाच बघायच्या असतील तर पणजीजवळच्या मिरामारला एखादी संध्याकाळ काढावी. पाण्यात मात्र उतरू नये, आणि इतर कुठल्या किनाऱ्यावर लाल बावटा दिसला तर तिथंही नाही.

दिवाडी आपल्याला परकी नाही. कदंब राजांचं दैवत सप्तकोटेश्वर मूळचं याच बेटावरचं. पोर्तुगीज अमलात ते देऊळ पाडलं गेलं, आणि देव नदीपलीकडे नार्वे इथं नेला गेला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, आणि गोवा सरकारनं केलेला अलीकडचा जीर्णोद्धार २०२३ साली पुरा झाला. बेटावरून बोटीनं पलीकडे जाऊन हे देऊळ बघता येतं. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून सुटला, आणि गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगिजांच्या हातून. स्वातंत्र्याची उशिरा उजाडलेली सकाळ दोघांनीही पाहिली आहे.

एकटीनं जाणाऱ्या बाईला आणखी एक सोय आहे. गोव्यात कोंकणी राजभाषा असली, तरी मराठी सरसहा समजते. रस्ता विचारायला, भाव ठरवायला, नको ते ठणकावून नाकारायला आपली भाषा असली, की अर्धी सोबत झालीच म्हणून समजा.

वाट अशी. नांदेडहून मुंबई गाठावी आणि तिथून कोकण रेल्वेनं करमळीला उतरावं. हे स्टेशन जुन्या गोव्याच्या जवळच आहे. एस.टी.नं जाणाऱ्यांनी लातूर, सोलापूर, कोल्हापूर असं करत पणजी गाठावी. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मं भाडं पडतं, पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे, हे लक्षात असू द्या. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की फेरीबोटीचा धक्का लागतो. पायी जाणाऱ्याला बोटीत भाडं नाही. शेवटची बोट किती वाजता सुटते, एवढं मात्र धक्क्यावर आधी विचारून घ्यावं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण एकटीनं? भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण सोबत माणूस असला म्हणजेच बाई सुरक्षित, हे काही खरं नव्हे. तिची सुरक्षितता पुष्कळशी आधी केलेल्या तयारीत असते. रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत शयनयानात एकट्या बायकांसाठी काही बर्थ राखून ठेवलेले असतात, आणि पंचेचाळीस वर्षांच्या पुढच्या बाईला खालचा बर्थ मिळावा म्हणूनही वेगळी तरतूद आहे. तिकीट काढताना ते मागून घ्यावं. गाडीत अडचण आली तर १३९, आणि कुठंही संकट आलं तर ११२ हा क्रमांक फिरवावा. खोली आधी ठरवावी, शक्यतो घरमालकाचं कुटुंब त्याच घरात राहतं अशी. दाराला आतून कडी आहे ना, ते आल्याबरोबर बघावं. मुक्काम उजेडातच गाठावा. घरी एका माणसाला पत्ता देऊन ठेवावा आणि रोज एका ठरल्या वेळेला फोन करावा. पैसे एकाच पिशवीत ठेवू नयेत.

येळवस आटोपली आणि जोंधळा काढणीला यायचा आहे, अशा मधल्या दिवसांत निघावं. नाताळ आणि नवं वर्ष टाळावं, तेव्हा गर्दीही फार आणि भावही चढे. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्यावी, कारण तिथं भाकरी सहजासहजी मिळायची नाही. उकड्या तांदळाचा भात पहिल्या दिवशी अनोळखी लागेल, तिसऱ्या दिवशी आवडेल. ऊन सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर घ्यावं, दुपारी सावलीत पडावं. दमट हवेत घाम फार जातो, म्हणून तहान नसली तरी पाणी पीत राहावं.

आणखी एक सांगून ठेवते. पहिल्या दिवशी पहाटे पाचला जाग येईल आणि हात चूल शोधतील. आपण कुणाला तरी टाकून आलो, असं वाटून जीव कासावीस होईल. म्हणून लगेच परतीचं तिकीट बघू नका. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या बाईला विसावा एका दिवसात जमत नाही, तोही शिकावा लागतो. नदीच्या बांधावर बसा. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोन वेळा येते, आणि दर दिवशी सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. ती बघत बसणं हेही कामच आहे असं समजा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खांदे आपोआप सैल होतात.

"लोक काय म्हणतील?" हा प्रश्न उरतोच. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी नवऱ्याला मागे ठेवून वैद्यकी शिकायला अमेरिकेला गेल्या, तेव्हाही लोक बोललेच होते. आपल्याला तर सात समुद्र ओलांडायचे नाहीत. एक नदी ओलांडायची आहे, तीही बिनभाड्याच्या बोटीनं.

ज्या घरांत हे वाचलं जाईल तिथल्या पुरुषांनाही एक विनंती. घरातली बाई "चार दिवस जाऊन येते" म्हणाली, तर "कशाला?" असं आधी विचारू नका. "तिकीट काढलं का?" एवढंच विचारा. आणि ती परत येईल त्या दिवशी स्वयंपाक करून ठेवा, नाहीतर सगळी हवापालट उंबऱ्यातच संपायची.