गर्भपाताच्या गोळ्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाळी चुकली की पहिले दिवस घालमेलीत जातात. मग ऐकीव सल्ले, भीती आणि लाज यांत आठवडे निघून जातात. भारतात गोळ्यांनी गर्भपात करण्याची मुदत ९ आठवड्यांची आहे आणि ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकते तेव्हाच साधारण ४ आठवडे संपलेले असतात. म्हणून खरी माहिती वेळेत मिळायला हवी.

गैरसमज : लग्न झालेले नसेल, तर गर्भपात बेकायदा.
वस्तुस्थिती : १९७१च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी गर्भपाताला परवानगी आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारण अविवाहित स्त्रीलाही लागू होते. वय १८ पूर्ण असेल, तर फक्त तिचीच संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. १८ वर्षांखालील मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते. माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

गैरसमज : गोळ्यांनी गर्भाची पिशवी खराब होते, पुढे मूल होत नाही.
वस्तुस्थिती : मिफेप्रिस्टोन ही पहिली गोळी गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे काम थांबवते. २४ ते ४८ तासांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलने पिशवी आकुंचन पावून गर्भ बाहेर पडतो. मुदतीत आणि योग्य मात्रेत घेतल्यास १०० पैकी ९५हून अधिक जणींमध्ये एवढे पुरते. उरलेल्यांना आणखी औषध किंवा पिशवी साफ करण्याची गरज पडते. पुढच्या गर्भधारणेला बाधा येत नाही. उलट दोन आठवड्यांच्या आतही पुन्हा दिवस राहू शकतात, म्हणून गर्भनिरोधकाचे तेव्हाच ठरवावे.

गैरसमज : संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची गोळी हीच गर्भपाताची गोळी.
वस्तुस्थिती : ती गोळी बीज बाहेर पडणे लांबवते आणि गर्भधारणा टाळते. राहिलेला गर्भ तिने पडत नाही.

गैरसमज : मेडिकलमधून पाकीट आणले की काम झाले.
वस्तुस्थिती : या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हव्यात. गर्भ नळीत असेल तर त्या काम करत नाहीत आणि नळी फुटून जीव धोक्यात येतो. तांबी बसवलेली असेल, रक्त फार कमी असेल किंवा रक्त गोठण्याचा आजार असेल, तर ते आधीच सांगावे.

गैरसमज : रक्तस्राव झाला म्हणजे काहीतरी बिघडले.
वस्तुस्थिती : पोटात कळा आणि पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव अपेक्षितच असतो. मात्र सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले, ताप २४ तासांनंतरही उतरला नाही, पोटदुखी असह्य झाली, चक्कर आली किंवा दुर्गंधीयुक्त स्राव झाला, तर लगेच रुग्णालय गाठावे. दुसऱ्या औषधानंतर २४ तासांत रक्तस्रावच झाला नाही, तरी डॉक्टरांना दाखवावे.

गैरसमज : या गोळ्यांमुळे मुलींचे गर्भ पाडले जातात.
वस्तुस्थिती : ९ आठवड्यांपर्यंत सोनोग्राफीत लिंग कळत नाही. लिंगनिदान हा गुन्हाच आहे आणि तो रोखायलाच हवा. पण त्यावरील कारवाईच्या धास्तीने महाराष्ट्रात अनेक दुकानदारांनी या गोळ्या ठेवणेच बंद केले. त्याची किंमत गरजू बाईने का मोजावी?

पाळी चुकताच लघवीची तपासणी करा आणि नोंदणीकृत डॉक्टरांकडे किंवा सरकारी रुग्णालयात जा. घरातल्या कोणा बाईने याबाबत विचारले, तर तिला दोष देऊ नका, सोबत जा.