सांतोरिनीची सांजसफर

ग्रीसच्या सांतोरिनी बेटापाशी प्रवासी संध्याकाळी होडीत बसतात, ते सूर्यास्त पाहायला. पण श्रोतेहो, ही होडी चालते ज्वालामुखीच्या पोटातून! सुमारे 3600 वर्षांपूर्वी इथे प्रचंड स्फोट झाला. पोटातला शिलारस बाहेर पडला, आधार गेलेला डोंगर आत ढासळला आणि खळग्यात समुद्र शिरला. पाणी इतके खोल, की नांगराला तळ सापडणे कठीण. मधले नेआ कामेनी हे काळे बेट मागाहून लाव्ह्याने घडले. त्याचा शेवटचा उद्रेक 1950 सालचा.

सूर्य टेकला की सारे पश्चिमेकडे बघतात. मी म्हणेन, तेव्हा जरा पाठ फिरवा. पूर्वेचा उंच कडा तांबूस उजळतो आणि आपल्या सह्याद्रीच्या कड्यावर दिसतात तसे थर दिसू लागतात. त्यांतला अगदी वरचा, पांढरट थर त्या स्फोटाच्या राखेचा.