कोंबडीच्या पिलांचे संगोपन, परसातील

परसात पाळावयाची कोंबडीची पिले अंड्यातून बाहेर पडल्यापासून सुमारे आठ आठवड्यांची होईपर्यंत त्यांना ऊब, खाद्य, पाणी, निवारा व रोगांपासून संरक्षण देण्याच्या व्यवस्थेला पिलांचे संगोपन म्हणतात. पिलांची मरतूक मुख्यतः याच काळात होते. दहा-वीस पिले विकत घेऊन जोडधंदा सुरू करणाऱ्या कुटुंबाचा नफा-तोटा बहुधा पहिल्या तीन आठवड्यांतच ठरतो. महाराष्ट्रात परसातील कोंबड्या बहुतेक घरांतून स्त्रियाच सांभाळतात व अंड्यांचे पैसे घरखर्चाला उपयोगी पडतात. म्हणून या संगोपनाला आर्थिक महत्त्व आहे.

गावठी कोंबड्या, असील व मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील कडकनाथ या देशी जातींप्रमाणेच वनराज, ग्रामप्रिया (हैदराबाद येथे विकसित) व गिरिराज (बंगळुरू येथे विकसित) हे सुधारित प्रकारही परसात पाळले जातात. सुधारित प्रकारांची पिले उबवणी केंद्रातून एक दिवसाची असताना मिळतात. त्यांना आईची ऊब नसल्यामुळे ती कृत्रिम रीत्या द्यावी लागते.

नैसर्गिक ऊब : खुडूक कोंबडी १०–१२ अंडी सहज उबविते व २१ दिवसांनी पिले बाहेर पडतात. ती त्यांना पंखाखाली घेते, दाणे टिपावयास शिकविते व घारीची चाहूल लागताच सावध करते. पहिले काही दिवस कोंबडी व पिले डालग्याखाली कोरड्या जागी ठेवणे हितावह असते. कोंबडीच्या अंगावरील उवा व गोचिडी पिलांवर जात असल्याने तिला अंड्यांवर बसविण्यापूर्वी तपासावे लागते.

कृत्रिम ऊब : नवजात पिलांच्या अंगावर केवळ लव असते व त्यांना शरीराचे तापमान स्वतः राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५° से. तापमान लागते. नंतर ते दर आठवड्याला सुमारे ३° से. ने कमी करीत जातात. पंचवीसेक पिलांना टोपलीच्या छत्रीखाली टांगलेला ६० वॉटचा तारेचा दिवा साधारणपणे पुरतो. एलईडी दिवा उजेड देतो, पण पुरेशी ऊब देत नाही. वीज खंडित होत असल्यास कोळशाची शेगडी जाळीआड ठेवतात. मात्र खोली बंद ठेवल्यास विषारी वायूने पिले दगावतात. दिव्याभोवती सुमारे ४५ सेंमी. उंचीचे पत्र्याचे वा पुठ्ठ्याचे गोल कडे करतात. कडे गोल ठेवल्याने पिले कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरत नाहीत.

तापमान योग्य आहे की नाही, हे पिलांच्या वागणुकीवरून कळते. ती दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील, तर ऊब अपुरी आहे. चोच उघडी टाकून दिव्यापासून दूर पळत असतील, तर ती जास्त आहे. एकाच बाजूस सरकली असतील, तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येत आहे. कड्यात सर्वत्र विखुरलेली पिले ऊब योग्य असल्याची खूण होय. एप्रिल-मेमध्ये दिवसा कृत्रिम उबेची बहुधा गरज नसते. विदर्भातील हिवाळ्यात ती अधिक काळ द्यावी लागते.

जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाच्या ढलप्या यांचा ५–७ सेंमी. जाडीचा थर देतात. तूस दाणे समजून टिपले जाऊ नये म्हणून पहिले तीन-चार दिवस त्यावर कागद अंथरतात. गुळगुळीत कागदावर पिलांचे पाय घसरून फाकतात. म्हणून तो खडबडीत असावा. ओला झालेला थर ताबडतोब बदलावा लागतो.

खाद्य व पाणी : पिलू बाहेर पडण्यापूर्वी उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जातो. त्यावर ते दोन-तीन दिवस जगू शकते व म्हणूनच एक दिवसाची पिले दूरवर पाठविता येतात. प्रवासाहून आलेल्या पिलांना प्रथम थोडा गूळ वा साखर घातलेले पाणी देतात व दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा टाकतात. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात खडे घालावेत; अन्यथा पिले बुडतात.

पहिल्या आठ आठवड्यांच्या खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिन असावे. केवळ तांदळाच्या कण्या किंवा ज्वारी दिल्यास पोट भरते. पण प्रथिन व जीवनसत्त्वे अपुरी पडून पिले खुरटतात आणि पाय दुबळे राहतात. घरी मिश्रण करावयाचे असल्यास मक्याचा भरडा ४६, सोयाबीन पेंड २८, तांदळाचा कोंडा १५, मीठ न लावलेल्या सुकटाची पूड ८ व खनिज मिश्रण ३ भाग हे प्रमाण चालते. त्यात जीवनसत्त्वे वेगळी मिसळतात. कच्चे सोयाबीन प्रथिनांच्या पचनास अडथळा करते, म्हणून उष्णतेची प्रक्रिया झालेली पेंडच वापरतात. बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीतील अफ्लाटॉक्सिन या विषाने यकृत बिघडते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य पिलांना देऊ नये. त्यातील जादा कॅल्शियमामुळे मूत्रपिंडास इजा होते. आठ आठवड्यांत प्रत्येक पिलू सुमारे २ किग्रॅ. खाद्य खाते व त्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते.

निवारा : चार आठवड्यांपर्यंत प्रत्येक पिलास ०·०५ चौ. मी. व पुढे आठ आठवड्यांपर्यंत ०·१ चौ. मी. जागा लागते. गर्दीमुळे पिले एकमेकांना टोचतात. खुराडे उंचवट्यावर, लांबी पूर्व-पश्चिम ठेवून बांधतात. पावसाळी भागात छपराच्या वळचणी पुढे काढतात. मुंगूस, मांजर, घूस व साप यांना अटकाव करण्यासाठी बारीक छिद्रांची, मजबूत जाळी लागते. कावळे व घारी यांपासून वरूनही आच्छादन हवे. सहा ते आठ आठवड्यांनी पंख पूर्ण आल्यावर पिलांना दिवसा परसात सोडतात. रोज संध्याकाळी खुराड्यातच दाणे टाकल्यास ती आपोआप परततात.

रोग व प्रतिबंध : तीन ते सहा आठवडे वयाच्या पिलांना रक्ती हगवण होते. हा कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवींचा रोग असून तो ओलसर तुसातून पसरतो. थर कोरडा ठेवणे हाच त्यावरील मुख्य प्रतिबंध होय. राणीखेत (मानमोडी) हा विषाणुजन्य रोग संपूर्ण थवा नष्ट करू शकतो व त्यावर औषध नाही. म्हणून ५–७ व्या दिवशी लासोटा वा एफ लशीचा एक थेंब डोळ्यात वा नाकपुडीत टाकतात व सुमारे आठव्या आठवड्यात दुसरी लस टोचतात. मरेक रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी देतात. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास देतात. लशीच्या एका कुपीत शंभर वा अधिक मात्रा असतात आणि विरघळविल्यावर ती थोड्याच वेळात निकामी होते. त्यामुळे दहा पिले असणाऱ्याला ती एकट्याने परवडत नाही. शेजारच्या घरांनी मिळून एकाच दिवशी लसीकरण केल्यास खर्च विभागला जातो व रोगाचा प्रसारही रोखला जातो.

पक्षी एकाएकी मोठ्या संख्येने मरू लागल्यास ते उघड्यावर टाकू वा विकू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००६ मध्ये भारतात बर्ड फ्ल्यूचा पहिला प्रादुर्भाव नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला, तेव्हापासून या सूचनेचे महत्त्व विशेष वाढले आहे.

आठ आठवड्यांनंतर पिलांतील नर व माद्या वेगळ्या ओळखता येतात. माद्यांना या अवस्थेत तलंगा म्हणतात. त्यांना सुमारे १६ टक्के प्रथिनांचे खाद्य पुरते व त्यातील बराचसा भाग त्या परसातील किडे, गवत व सांडलेले धान्य यांतून स्वतः मिळवितात. परसातील कुक्कुटपालन स्वस्त पडते ते यामुळेच. परंतु हा लाभ पहिले आठ आठवडे जगलेल्या पिलांपासूनच मिळू शकतो.