थंडीत गाडी किती वेळ तापवायची?

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा पहाटे अनेक दारांत उभ्या गाड्या घरघरत असतात. किल्ली फिरवायची, आत जाऊन चहा घ्यायचा आणि दहा मिनिटांनी निघायचं, ही सवय बापाकडून मुलाकडे आली आहे. ती लागली कार्ब्युरेटरच्या गाड्यांमुळे, आणि त्या गाड्या आता रस्त्यावर फारशा उरलेल्या नाहीत.

१९८३ साली आलेली मारुती ८०० किंवा त्याआधीची प्रीमियर पद्मिनी आठवा. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करावी लागे. चोक लवकर आत ढकलला, तर गाडी चौकात झटके देत बंद पडे. तेव्हा वाट पाहणं शहाणपणाचंच होतं. पुढे फ्युएल इंजेक्शन आलं. इंजिन किती गार आहे हे सेन्सर सांगतो आणि त्या हिशेबाने गाडीतला संगणक पेट्रोल सोडतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या स्कूटर-मोटारसायकलींवरही हीच यंत्रणा आली.

तरीही एक शंका रास्त आहे: ऑइलचं काय? रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं आणि गारठ्याने घट्ट झालेलं असतं. पण इंजिन सुरू होताच पंप ते काही सेकंदांत वर पोचवतो. त्यासाठी दहा मिनिटं लागत नाहीत.

उलट, नुकसान होतं ते उभ्या गाडीतच. नुसत्या आयडलिंगवर इंजिनात उष्णता थोडीच निर्माण होते, त्यामुळे ते बराच वेळ गार राहतं. तोवर संगणक जादा पेट्रोल देत राहतो. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि खाली उतरून ऑइल पातळ करतं. म्हणजे ज्या इंजिनाच्या काळजीपोटी गाडी उभी ठेवली, झीज त्याचीच. शिवाय गिअरबॉक्स, बेअरिंग, टायर उभ्या गाडीत तापतच नाहीत. सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही साधारण अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तोपर्यंतचा विषारी धूर थेट अंगणात येतो.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला सोपा आहे: सुमारे तीस सेकंद थांबा आणि हळू निघा. पहिले काही किलोमीटर जोरात ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, टर्बो इंजिन असेल तर मुळीच नाही. अनेक गाड्यांत इंजिन गार असेपर्यंत निळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत सबुरीने चालवावं.

लेह-द्रासची थंडी मात्र वेगळी. तिथे डिझेलमधलं मेण गोठतं, हिवाळ्यात आपल्याकडे खोबरेल तेल थिजतं तसं, आणि फिल्टर तुंबतो. म्हणून इंडियन ऑइलने २०१९च्या नोव्हेंबरात लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास डिझेल आणलं. तिकडे बॅटरीचीही ताकद घटते, आणि नेमकं त्याच वेळी घट्ट ऑइलमुळे स्टार्टरला जास्त जोर लावावा लागतो.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात यावर फार चांगला तोडगा निघाला. ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनासाठी विजेचा हीटर बनवला आणि १९४९ साली त्याचं पेटंट मिळवलं. आजही तिथे आणि कॅनडात गाड्यांच्या पुढच्या जाळीतून प्लगची वायर लोंबताना दिसते. इंजिन सुरू करण्याआधीच ते विजेवर कोमट करायचं, ही त्यामागची कल्पना. खऱ्या कडाक्याच्या थंडीत उपयोगी पडते ती हीच पद्धत. निफाडला किंवा महाबळेश्वरला तिचीही गरज नाही.

जुनी कार्ब्युरेटरची गाडी अजून जपली असेल, तर तिला दोन-तीन मिनिटं जरूर द्यावीत. काचेवर दव किंवा बर्फ असेल तर ती स्वच्छ झाल्याशिवाय कुणीच निघू नये. आणि गाडी कोणतीही असो, बंद गॅरेजमध्ये किंवा शटर ओढलेल्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि तो काही मिनिटांत जीव घेऊ शकतो.