मोरपिशी म्हणजे नक्की किती?

नवरात्रात ऑफिसात मेसेज फिरला, 'उद्याचा रंग : मोरपिशी'. आमच्या टीममधली एक जण आईची ठेवणीतली साडी नेसून आली आणि ग्रुप फोटोच्या वेळी कुणीतरी बोललंच, ''अगं, हा तर हिरवा! तू जरा मागे उभी राहा ना.'' गेली बिचारी मागे. चेहरा मात्र एवढासा झाला.

पण पुरावा फोटोतच होता ना! स्क्रीनवरचा प्रत्येक रंग म्हणजे तीन आकडे : लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. एकूण १ कोटी ६७ लाखांच्या वर रंग. त्यांना नाव द्यायचे दोन सरळ फंडे. एक तर नावांची यादी घ्यायची आणि आकड्यांनी सगळ्यात जवळचा रंग गाठायचा. नाहीतर रंगांचं चक्र मांडायचं : लाल ० अंशावर, हिरवा १२०, निळा २४०.

साडीवर क्लिक केलं. ०, ११०, १२०. ब्राउझरच्या यादीत सगळ्यात जवळ 'टील' : ०, १२८, १२८. चक्रावर १८५ अंश. हिरव्या-निळ्याची वेस १८० वर, म्हणजे साडी ५ अंश निळ्याकडे. जिंकलो! मग खिडकीपाशी काढलेला फोटो उघडला, तर तीच साडी ०, १२०, ११०. म्हणजे १७५ अंश, चक्क हिरव्याच्या हद्दीत. उजेड बदलला की कॅमेऱ्याचे आकडे बदलतात, साडी बिचारी तीच.

यादीवर तरी किती विसंबायचं? तिच्यात 'ग्रे' १२८ वर आणि 'डार्कग्रे' १६९ वर, म्हणजे डार्कच जास्त फिका! आमसुली, चिंतामणी, मोरपिशी यांचा तर पत्ताच नाही. २०१० मध्ये 'एक्सकेसीडी' कॉमिकवाल्या रँडल मन्रोनं नेटवर लोकांनाच रंग दाखवून नावं विचारली. ५० लाखांवर उत्तरं आली, त्यातून ९५४ नावांची यादी निघाली. मराठीत कुणी असं केलं, तर मोरपिशीला एक आकडा नाही, अख्खा पट्टा मिळेल, अशी माझी पैज.

त्याच संध्याकाळी त्या 'कुणीतरी'च्या 'मोरपिशी' शर्टाचंही रीडिंग घेतलं. ७०, ८०, ८०. यादीत सगळ्यात जवळचं नाव, 'डार्कस्लेटग्रे'. फोटो पुन्हा काढला. ती पुढच्या रांगेत, मधोमध.